समोरच्या बाईकवर बसण्याआधी: इनडोअर सायकलिंगच्या नव्या इन्स्ट्रक्टरसाठी

पहिला क्लास घेतला तेव्हा मी पंचेचाळीस मिनिटं जीव तोडून सायकल चालवली. संपल्यावर घामानं निथळत होते आणि मनातून खूप खूश होते. सगळे गेल्यावर बाईक पुसायला घेतल्या, तेव्हा मागच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या बाईकची सीट दिसली. खालून दुसऱ्या खुणेवर. त्या बाईकवर पहिल्यांदाच आलेल्या एक ताई होत्या, माझ्यापेक्षा चांगल्या उंच. पूर्ण वेळ त्या गुडघे पोटाशी आणत पॅडल मारत होत्या आणि मला ते दिसलंच नव्हतं. त्या पुन्हा आल्या नाहीत.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालते. क्लासमधला व्यायाम समोर बसलेल्यांचा असतो, आपलं काम बघण्याचं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्या बघण्यासाठी मोकळं होता यावं म्हणून आहे. बाईक, संगीत, आखणी हे सगळं हाताखालून गेलेलं असेल तरच नजर समोर राहते.

१. प्रशिक्षण कुठलं घ्यायचं ते ठरवा

इनडोअर सायकलिंगला सगळे सरसकट ‘स्पिनिंग’ म्हणतात, पण तो एक नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. दक्षिण आफ्रिकेत वाढलेला सायकलपटू जॉनी गोल्डबर्ग, म्हणजे ‘जॉनी जी’, यानं ही पद्धत अमेरिकेत विकसित केली आणि तो ट्रेडमार्क मॅड डॉग अॅथलेटिक्स या कंपनीकडे आहे. त्यांचं प्रमाणपत्र नसताना आपल्या क्लासच्या जाहिरातीत तो शब्द वापरू नका. ‘इनडोअर सायकलिंग’ म्हणा, काही बिघडत नाही.

प्रशिक्षणं ढोबळमानानं दोन प्रकारची. लेस मिल्स आरपीएमसारख्या पद्धतीत गाणी आणि कोणत्या गाण्यावर काय करायचं हे तयार मिळतं. तुम्ही ते पाठ करायचं आणि जीव ओतून शिकवायचं. स्पिनिंग, श्विन यांच्यासारख्या पद्धतींत तत्त्वं शिकवतात आणि क्लास तुम्ही स्वतः बांधायचा. ज्यांना संगीत निवडायचा कंटाळा आहे किंवा आखणीची भीती वाटते त्यांनी पहिल्या प्रकारापासून सुरुवात करायला हरकत नाही. माझं मत विचाराल तर आधी दुसरा प्रकार शिका. आपण एखादी गोष्ट का करतोय हे कळलं की तयार आखणीसुद्धा जास्त चांगली शिकवता येते.

प्रशिक्षणाला जाण्याआधी निदान महिनाभर वेगवेगळ्या इन्स्ट्रक्टरांचे क्लास करा. दर वेळी वेगळ्या जागी बसा आणि एकदा तरी मागच्या कोपऱ्यात बसा. तिथून आवाज किती ऐकू येतो, इन्स्ट्रक्टरचे पाय दिसतात का, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

२. कागदपत्रं आणि साहित्य जमवा

कागदपत्रं:

- इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्र. मुदत कधी संपते ते वहीत लिहून ठेवा.
- सीपीआर (छातीवर दाब देऊन जीव वाचवणं) आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) यांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. बहुतेक ठिकाणी मागतात. कुणी मागितलं नाही तरी घ्या.
- दायित्व विमा. स्टुडिओच्या विम्यात तुम्ही येता का हे लेखी विचारा. तोंडी ‘हो हो, येता’ वर थांबू नका.
- नव्या माणसाकडून भरून घ्यायची आरोग्य प्रश्नावली. ‘पार-क्यू प्लस’ नावाची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्या पहिल्या पानावर सात साधे प्रश्न असतात. एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं तर पुढची पानं भरून घ्यायची.

साहित्य:

- कडक तळव्याचे सायकलिंगचे बूट. खाली बहुतेक स्टुडिओंत चालतात ते एसपीडी क्लीट, म्हणजे बूट पॅडलमध्ये अडकवायचे तुकडे.
- माइकला लावायचा स्वतःचा स्पंज. दुसऱ्याच्या तोंडासमोरचा वापरू नका.
- गाणी फोनमध्ये उतरवून ठेवलेली आणि सोबत एक केबल. ब्लूटूथ आणि इंटरनेट दोन्ही एकाच वेळी दगा देतात.
- दोन टॉवेल, पाणी, सेकंदकाटा दिसेल असं घड्याळ.
- पंधरा मिलिमीटरचा पाना आणि अॅलन कीचा संच.
- एक छोटी वही. ती का, ते शेवटी सांगते.

संगीताबद्दल एक सूचना. घरी ऐकण्यासाठी घेतलेलं गाण्यांच्या अॅपचं सभासदत्व क्लासमध्ये वाजवण्यासाठी नसतं. सार्वजनिक वादनाचा परवाना स्टुडिओनं काढायचा असतो. तो आहे का हे पहिल्याच भेटीत विचारा.

३. बाईक ओळखा

रस्त्यावरच्या सायकलवर पाय थांबवला की चाक आपलं फिरत राहतं आणि पॅडल थांबतं. इनडोअर बाईकवर बहुधा तसं होत नाही. फ्लायव्हील, म्हणजे बाईकचं फिरणारं चाक, जड असतं आणि पॅडलशी थेट जोडलेलं असतं, त्यामुळे तुम्ही पाय थांबवलात तरी पॅडल तुमचा पाय घेऊन फिरतं. नव्या माणसाला ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायची, बाईकवर बसायच्याही आधी. त्याच दमात थांबायचं कसं तेही सांगायचं: रेझिस्टन्सचा (पॅडल जड करणाऱ्या अडथळ्याचा) नॉब खाली दाबायचा, किंवा लिव्हर असेल तर ती शेवटपर्यंत ढकलायची. नुसतं सांगू नका. त्यांना हळू पॅडल मारायला लावा आणि एकदा स्वतः थांबवून बघायला सांगा.

रेझिस्टन्स दोन तऱ्हेनं तयार होतो. जुन्या बाईकवर चामड्याचा किंवा लोकरीचा पॅड चाकावर घासतो, नव्या बाईकवर चुंबक असतात. पॅडवाल्या बाईकवर नॉबचे किती फेरे म्हणजे किती जड हे प्रत्येक बाईकचं वेगळं असतं. म्हणून ‘सगळ्यांनी दोन फेरे वाढवा’ ही सूचना निरर्थक आहे. एकाला चढ लागेल, शेजारच्याला काहीच कळणार नाही. ‘पायाखाली चिखल आल्यासारखं वाटेपर्यंत वाढवा’ असं सांगितलं की प्रत्येक जण आपापल्या बाईकवर बरोबर जागी पोचतो.

क्लासआधी पंधरा मिनिटं पोचून पॅडल हातानं हलवून बघा, पट्टे तुटलेले नाहीत ना बघा, सीटचा खांब घट्ट बसतो का बघा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. घट्ट करताना हे विसरलात तर आटे खराब होतील.

४. बाईक बसवून द्या

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा. नवीन माणूस आला की त्याच्याजवळ जाऊन, वाकून, हातानं करून द्यायचं. क्रम असा:

आधी सीटची उंची. माणसाला बाईकच्या बाजूला उभं करा आणि खुब्याच्या हाडावर हात ठेवायला सांगा. सीट साधारण त्या उंचीला आणा. मग बसवून, टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली न्यायला सांगा. पाय सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता टाचेऐवजी चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा वाक येतो. तो २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असला की उंची बरोबर.

लोक सीट खाली ठेवतात कारण पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं. वाद घालू नका. ‘बाईक पडत नाही, हलवून बघा’ एवढंच म्हणा. त्यांनी एकदा हँडल धरून बाईक हलवून बघितली की स्वतःच सीट वर घेतात.

मग सीट पुढे-मागे. पॅडल आडवे करा, घड्याळात तीन आणि नऊ दाखवतात तसे. पुढच्या पायाच्या गुडघ्याची वाटी पॅडलच्या आसाच्या साधारण वर यायला हवी. बाजूनं बघितलं तरच कळतं, म्हणून गुडघ्यावर बसा. इन्स्ट्रक्टरचे गुडघे क्लासआधी जमिनीला टेकलेले दिसले की मला तो माणूस कामाचा वाटतो.

शेवटी हँडलबार. नव्या माणसाला सीटपेक्षा थोडा वर. पाठदुखी असेल, पोट मोठं असेल किंवा गरोदरपण असेल तर आणखी वर. कोपर किंचित वाकलेले, खांदे कानांपासून लांब. हातांना मुंग्या येत असतील तर बहुधा हँडल खाली तरी आहे किंवा लांब तरी.

बसवून झालं की प्रत्येक खांबावरचा आकडा त्यांच्याच फोनमध्ये टिपायला सांगा. पुढच्या वेळी ते स्वतः बाईक लावतील आणि त्यांना आपण इथले आहोत असं वाटेल. सीट पहिले काही दिवस टोचणार हेही आधीच सांगा. आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेकांची सवय होते. सांगितलं नाही, तर ‘हे आपल्यासाठी नाही’ असं ठरवून ते निघून जातात.

५. जोर मोजायला शिका

पायांचा वेग म्हणजे आरपीएम, मिनिटाला फेरे. सपाटीवर ८० ते ११०, चढावर ६० ते ८०, हे स्पिनिंगनं घालून दिलेलं माप बहुतेक ठिकाणी चालतं. ११० च्या वर रेझिस्टन्स नसताना फिरवणं म्हणजे फ्लायव्हील पाय फिरवतंय आणि माणूस सीटवर उसळतोय. ६० च्या खाली फार जड रेझिस्टन्स घेतला की भार गुडघ्यांवर जातो.

जोर किती लागतोय हे सांगायच्या तीन पद्धती आहेत.

पहिली, स्वतःला विचारणं. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव आकड्यात सांगायची पट्टी तयार केली. तिचं मूळ रूप ६ ते २० असं आहे, क्लासमध्ये आपण सोपी १ ते १० वापरतो. तिला बोलण्याची जोड द्या. पूर्ण वाक्य बोलता येतंय म्हणजे ३-४, तुटक शब्द निघतायत म्हणजे ६-७, एक शब्दसुद्धा नको वाटतोय म्हणजे ९. नव्या इन्स्ट्रक्टरनं याच पद्धतीवर भिस्त ठेवावी.

दुसरी, हृदयाचे ठोके. २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण ते ढोबळ आहे. एकाच वयाच्या दोन माणसांच्या कमाल ठोक्यांत सहज दहा-बारांचा फरक असतो. २००१ साली तानाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र मांडलं. तेही सरासरीच सांगतं. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके औषधानं दाबलेले असतात. त्यांना ठोक्यांचा आकडा गाठायला सांगणं धोक्याचं आहे. त्यांच्यासाठी बोलण्याची कसोटीच खरी.

तिसरी, वॉट, म्हणजे पॅडलवर लागणारी ताकद. बाईकवर ती मोजणारा पॉवर मीटर असेल तर २० मिनिटांच्या चाचणीतल्या सरासरी वॉटचे ९५ टक्के काढून त्यावर झोन, म्हणजे जोराच्या पायऱ्या, ठरवतात. ज्यांना हे आवडतं त्यांच्यासाठी उत्तम, पण पहिल्या महिन्यात कुणाची चाचणी घेऊ नका. आणि वॉटचे आकडे भर क्लासमध्ये मोठ्यानं वाचू नका. पन्नास किलोच्या बाईचा आणि नव्वद किलोच्या गड्याचा आकडा सारखा येणारच नाही.

६. क्लास कागदावर बांधा

आधी उद्देश, मग आखणी, मग गाणी. नवे लोक उलट्या क्रमानं जातात, आवडती गाणी जमवतात आणि त्यावर काहीतरी बसवतात. मग क्लासला चढ-उतार राहत नाही, सगळा वेळ एकाच पट्टीत धावपळ होते.

पंचेचाळीस मिनिटांचा एक साधा, कुणालाही झेपेल असा क्लास:

- ० ते ८: वॉर्मअप. ८० ते ९० आरपीएम, रेझिस्टन्स हळूहळू वर. शेवटी अर्ध्या मिनिटाचे दोन जलद तुकडे.
- ८ ते १८: लांब चढ, ७० आरपीएम. दर तीन मिनिटांनी थोडा भार वाढवायचा. शेवटचं मिनिट उभं राहून, ज्यांना हवं त्यांनी.
- १८ ते २०: हलकं, पाणी.
- २० ते ३२: सहा वेळा एक मिनिट जोरात (दहापैकी आठ), एक मिनिट हलकं.
- ३२ ते ३४: हलकं.
- ३४ ते ३९: दुसरा चढ. रेझिस्टन्स त्यांचा त्यांनी निवडायचा.
- ३९ ते ४५: कूलडाउन, मग उतरून मांड्या, पोटऱ्या, खुबा आणि छातीचे ताण.

वेळ कमी पडला तर मधला भाग कापा, शेवटचा कधीच नाही. जोरात चालवून एकदम थांबलं की रक्त पायांत साठून राहतं, चक्कर येते. उतरताना पडलेला माणूस मी बघितलाय.

एक भर ‘ताबाता’बद्दल. वीस सेकंद जोरात, दहा सेकंद विश्रांती हे सगळ्यांना माहीत आहे. इझुमी ताबाता यांचा १९९६ चा मूळ अभ्यास एर्गोमीटरवरच, म्हणजे स्थिर सायकलवर, झाला होता. त्यातला जोर शरीराच्या कमाल ऑक्सिजन क्षमतेच्या १७० टक्क्यांच्या आसपास होता, सात-आठ फेऱ्यांत माणूस संपायचा. एका क्लासमध्ये ताबाताचे पाच संच लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पाच संच होतात म्हणजे तो जोर नाही. वीस-दहाचे तुकडे खुशाल घ्या, पण नव्या माणसाला ‘जीव तोडून’ म्हणू नका.

७. संगीत आणि पाय जुळवा

गाण्याचा वेग बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती ठोके असा, मोजतात. पाय ठेक्यावर आणायचे दोन मार्ग आहेत: प्रत्येक ठोक्याला एक पाय (उजवा, डावा, उजवा, डावा), किंवा प्रत्येक ठोक्याला उजवा पाय. पहिल्यात आरपीएम बीपीएमच्या निम्मे होतात, दुसऱ्यात तितकेच. म्हणजे १२८ बीपीएमचं नाचाचं गाणं ६४ आरपीएमच्या चढाला चपखल बसतं, आणि ९० बीपीएमचं गाणं सपाटीवरच्या ९० आरपीएमला.

सापळा असा की १५० बीपीएमच्या गाण्यावर तुम्ही नुसतं ‘ठेक्यावर या’ म्हणालात, तर कुणीतरी प्रत्येक ठोक्याला उजवा पाय आणायला जाईल. म्हणून आधी तुम्ही मोठ्यानं मोजून दाखवा: ‘उजवा, डावा, उजवा, डावा’. चार ठोके पुरतात.

नाचाच्या बहुतेक गाण्यांत ३२ ठोक्यांचा एक तुकडा असतो. १२८ बीपीएमला तो नेमका १५ सेकंदांचा. दोन तुकडे म्हणजे अर्धं मिनिट. हे एकदा कानात बसलं की घड्याळ बघायची गरज कमी होते आणि तेवढी नजर माणसांकडे जाते. घरी नुसतं बसून, पेन्सिल आपटत, एका गाण्याचे तुकडे मोजून बघा. मी पंधरा दिवस हेच करत होते.

आवाज किती मोठा ठेवायचा? कामाच्या जागी आरोग्य कसं जपायचं हे बघणाऱ्या अमेरिकेच्या एनआयओएसएच संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. तुम्ही दिवसाला तीन क्लास घेणार असाल तर हिशोब स्वतःच्या कानांचा आहे. फोनवरच्या मोजणीच्या अॅपनं अंदाज येतो.

८. कमी बोला, वेळेवर बोला

चांगल्या सूचनेत तीन गोष्टी लागतात: काय करायचं, कसं करायचं, कशासाठी करायचं. आणि ती बदल होण्याच्या आधी यायला हवी. ‘आठ ठोक्यांनी उभे राहतोय. आधी थोडा भार घ्या, म्हणजे पाय घसरणार नाही. पाच, सहा, सात, वर.’ ‘चला उठा!’ म्हटल्यावर अर्धी खोली हलक्या पॅडलवर उभी राहते आणि धडपडते.

गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेनं दाखवून दिलंय की शिकणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या अवयवाऐवजी बाहेरच्या परिणामाकडे वळवलं की हालचाल लवकर जमते. क्लासमध्ये याचा फरक मला रोज दिसतो. ‘मांडीचे स्नायू आवळा’ म्हटल्यावर चेहरे गोंधळतात. ‘बुटाच्या तळव्याला लागलेला चिखल मागे पुसून काढा’ म्हटलं की पॅडलचा खालचा टप्पा लगेच गोल होतो. ‘खांदे सैल सोडा’ यापेक्षा ‘हँडलवर बोटांनी पियानो वाजवा’ जास्त लागू पडतं, कारण घट्ट धरून पियानो वाजत नाही.

कुणाला दुरुस्त करायचं असेल तर आधी सगळ्यांना उद्देशून सांगा. फरक पडला नाही तर त्या दिशेला नजर ठेवून पुन्हा सांगा. तरीही नाही, तर जवळ जाऊन, माइक बंद करून, हळू. नाव घेऊन माइकवरून चूक सांगायची नाही. नाव घ्यायचं ते शाबासकीला.

जाडी, वजन, किती कॅलरी जळल्या, काल काय खाल्लं, यावर बोलू नका. कुणाच्या मनात काय जखम आहे ते आपल्याला माहीत नसतं.

गप्प राहायलाही शिका. मोठ्या चढाच्या शेवटच्या मिनिटाला मी काहीच बोलत नाही. खोलीत फक्त गाणं आणि श्वास असतो. नव्या इन्स्ट्रक्टरला ती शांतता लांबलचक वाटते आणि तो ‘छान, मस्त, चला, चला’ नं ती भरून काढतो. नका भरू.

९. बाईकवरून उतरा

दर क्लासला निदान दोनदा उतरून रांगांमधून फिरा. पहिल्यांदा वॉर्मअपच्या चौथ्या-पाचव्या मिनिटाला, बाईक नीट लागल्यात का बघायला. दुसऱ्यांदा पहिल्या मोठ्या कष्टाच्या वेळी, चेहरे बघायला.

बाजूनं बघायचं: गुडघा बाहेर किंवा आत पडतोय का, टाच फार वर आहे का, कंबर सीटवर डुलतेय का (डुलतेय म्हणजे सीट उंच), सीटवर उसळतायत का (रेझिस्टन्स कमी). समोरून बघायचं: ओठ पांढरे, नजर हरवलेली, घाम अचानक थांबलेला, हँडलवर पूर्ण भार टाकलेला. असं दिसलं की त्यांना रेझिस्टन्स काढून हळू फिरवायला सांगा आणि तिथेच उभे राहा.

तुम्ही उतरलात तर लोक थांबतील अशी भीती वाटते. थांबत नाहीत. उलट आपल्याकडे कुणीतरी बघतंय म्हणून सावरून बसतात.

१०. हे करू देऊ नका

हँडलबारवर पुश-अप, पॅडल मारताना डंबेल, हात सोडून चालवणं, उभ्यानं एकाच जागी गोठून राहणं, उलटं पॅडल मारणं. दिसायला भारी दिसतं, पण यात एकतर तोल जातो, नाहीतर पाठीवर आणि गुडघ्यावर नको तो ताण येतो, आणि सायकलचा व्यायाम मात्र थांबतो. उलट्या फिरवण्यानं पॅडल सैलही होऊ शकतात. कुणी म्हणेल, दुसऱ्या क्लासमध्ये करतात. ‘इथे करत नाही’ एवढं शांतपणे सांगा आणि पुढे चला.

११. धोक्याच्या खुणा पाठ असू द्या

छातीत दुखणं, दाब, जबड्यात किंवा हातात कळ, बोलता न येणं, शुद्ध हरपणं: क्लास ताबडतोब थांबवा. संगीत बंद, दिवे चालू. एकाला नाव घेऊन रुग्णवाहिका बोलवायला सांगा, दुसऱ्याला एईडी आणायला. ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही. शुद्ध नसेल आणि श्वास नीट नसेल तर छातीवर दाब सुरू करा: मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. पहिल्याच क्लासला फार जोर लावला तर मांडीच्या स्नायूंच्या पेशी फुटून त्यांच्यातली द्रव्यं रक्तात उतरू शकतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. याला रॅबडोमायोलिसिस म्हणतात. पहिल्या इनडोअर सायकलिंग क्लासनंतर असं झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत, त्यात तरुण आणि धडधाकट माणसंही आहेत. खुणा एक ते तीन दिवसांत दिसतात: मांड्या सुजणं, नेहमीच्या अंगदुखीपेक्षा कितीतरी जास्त वेदना, पाय वाकवता न येणं, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणं. असं झालं तर वाट न बघता डॉक्टरकडे जायचं. हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते, आणि सोबत हेही सांगते की पहिल्या दिवशी अर्ध्या जोरानं चालवायचं, वाटेल तेव्हा थांबायचं, वीस मिनिटांनी उतरलात तरी चालेल. घाबरवल्यासारखं होईल म्हणून सुरुवातीला मी टाळायचे. आता टाळत नाही.

१२. आवाज जपा

माइक आहे म्हणजे ओरडायचं नाही. संगीतावरून ओरडावं लागत असेल तर संगीत कमी करा. धाप लागलेली असताना बोलू नका, आधी स्वतःचा रेझिस्टन्स कमी करा. तुमचा नॉब किती फिरलाय हे कुणाला दिसत नाही. पहिल्या आठवड्यात मी तीन दिवस घोगऱ्या आवाजात काढले. घसा बसूनही बोलत राहिलं तर स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात, आणि मग महिनोन् महिने गप्प बसावं लागतं.

१३. पहिले दहा क्लास

एकदम पूर्ण क्लास घेऊ नका. अनुभवी इन्स्ट्रक्टरला विचारून आधी फक्त वॉर्मअप घ्या, मग एक गाणं, मग अर्धा क्लास. बहुतेक जण आनंदानं देतात. त्यांनाही पाणी प्यायला वेळ मिळतो.

स्वतःच्या क्लासचा नुसता आवाज फोनवर टिपा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. एकच शब्द किती वेळा आला ते मोजा. माझा ‘ओके’ होता, एका क्लासमध्ये सत्तेचाळीस वेळा.

आणि ती वही. क्लास संपल्यावर, बाईक पुसायच्या आधी, तीन ओळी लिहा: आज नवीन कोण होतं, त्यांची सीट कितीवर होती, कुठल्या वेळी कोण मागे पडलं. पुढच्या आठवड्यात ती व्यक्ती दारात दिसली की तिच्या बाईकची सीट त्याच आकड्यावर लावून ठेवा.